कॅल्साइटची बाजू

शास्त्रार्थाचा जुना शिरस्ता असा, की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे आणि मगच उत्तराला हात घालायचा. कॅल्साइटच्या बाबतीत हे अवघड नाही, कारण पूर्वपक्ष सगळीकडे एकाच साच्यातला आहे. वसई-विरारमधल्या प्रदर्शनांत, योगवर्गाबाहेर मांडलेल्या टेबलांवर, मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींत तो थोड्याफार फरकाने असा ऐकू येतो: कॅल्साइट हा पृथ्वीच्या पोटातल्या अग्नीतून जन्मलेला स्फटिक आहे. कोट्यवधी वर्षांची ऊर्जा त्याच्यात साठलेली आहे. स्फटिकावर घड्याळ चालते हे विज्ञानानेच दाखवले आहे, तेव्हा त्याच्या कंपनांचा शरीरावर परिणाम होणारच. नारिंगी कॅल्साइट स्वाधिष्ठान चक्रासाठी, पिवळा मणिपूरासाठी, हिरवा अनाहतासाठी, निळा विशुद्धासाठी. तो भोवतालची नकारात्मकता शोषून घेतो, म्हणून अधूनमधून मिठाच्या पाण्यात बुडवून ‘शुद्ध’ करावा आणि उन्हात ठेवून ‘चार्ज’ करावा. आणि हे सारे आपल्या ऋषिमुनींना ठाऊक होतेच.

हे सांगणारे सगळे लबाड असतात असे मी म्हणणार नाही. पुष्कळ जण मनापासून सांगतात, आणि घेणारे मनापासून घेतात. हातात गार, गुळगुळीत दगड धरून पाच मिनिटे गप्प बसले की जीव थाऱ्यावर येतो, यालाही माझी हरकत नाही. वाद आहे तो दगडाविषयी केलेल्या विधानांचा. त्यांतले एकही कसोटीला उतरत नाही, आणि विशेष म्हणजे ती विधाने इमानाने पाळली तर पहिला बळी खुद्द कॅल्साइटचाच जातो. म्हणून हे उत्तर माणसांच्या वतीने कमी आणि दगडाच्या वतीने जास्त आहे.

जन्मापासून सुरुवात करू. वसईजवळच्या महामार्गावरील चिंचोटी नाक्यावरून पूर्वेला कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो आणि त्याच बाजूला तुंगारेश्वरचे जंगल चढत जाते. सुमारे 85 चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ पट्ट्याला 2003 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. चिंचोटीचा धबधबा याच जंगलातला. तो ज्या काळ्या कड्यावरून कोसळतो तो बेसाल्ट, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा खडक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून हा लाव्हा थरांवर थर असा वाहिला, आणि झीज होऊन उरलेला त्याचा पसारा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. इथपर्यंत अग्नीची गोष्ट खरी आहे. पण त्या अग्नीत कॅल्साइट नव्हता, असूही शकत नव्हता. असा लाव्हा साधारण 1,100 अंश सेल्सिअसला वाहतो. उघड्या हवेत कॅल्साइट 900 अंशांच्या आसपासच मोडतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. चुनाभट्टी याच तत्त्वावर चालते. चिंचोटीच्या लाव्ह्यात कॅल्साइटचा खडा टाकला असता तर तो जन्मला नसता, भाजून निघाला असता.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवावेच. गुजरातेत छोटा उदेपूरजवळ अंबाडोंगरला कार्बोनेटाइट नावाचा दुर्मीळ खडक आहे आणि त्यातला कॅल्साइट खरोखरच खोल दाबाखालच्या शिलारसातून आला आहे. तो अपवाद मी मान्य करतो. मात्र महाराष्ट्राच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत चमकणारा कॅल्साइट त्या कुळातला नाही. त्याची जन्मकथा पाण्याची आहे.

लाव्हा थंड होताना त्यात कोंडलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकतात आणि थराच्या वरच्या भागात अडकून राहतात. खडक घट्ट झाला की त्या जागी पोकळ्या उरतात, कुठे मोहरीएवढ्या तर कुठे माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. विहिरी खोदणारे लोक असल्या सच्छिद्र, ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात. खडी पाडणाऱ्याला तो नकोसा, कारण त्याला घट्ट काळा पाषाण हवा असतो. पुढचे काम पावसाचे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, खडकाच्या भेगांतून झिरपते आणि बेसाल्टमधल्या फेल्डस्पार व ऑजाइट या खनिजांतून कॅल्शियम सोडवून घेते. हे कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्याबरोबर फिरत राहते. पुढे एखाद्या पोकळीत पाणी तापले किंवा त्यातला वायू निसटला, की कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेले राहू शकत नाही आणि भिंतीवर कणाकणाने बसू लागते. त्याच पोकळीत कधी त्याच्या आधी, कधी नंतर स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट आणि अपोफिलाइट वाढतात. दख्खनमधल्या अपोफिलाइटच्या किरणोत्सारी वयमापनातून दिसले आहे की त्यांतले काही स्फटिक लाव्हा गार झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी बनले. आई आणि मुलाच्या वयातच जिथे एवढे अंतर आहे, तिथे ‘अग्नीतून जन्मलेला’ हे बिरुद मुलाच्या कपाळी कशासाठी?

पाणी खडकात खोल उतरते आणि तापून वर येते याचा पुरावा वसईकरांना दूर शोधावा लागत नाही. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे आहेतच. त्यांच्याखाली जिवंत ज्वालामुखी नाही. पश्चिम किनाऱ्यालगतच्या भेगांतून खोल गेलेले पावसाचेच पाणी तिथे गरम होऊन परत येते. यापेक्षाही जवळचा पुरावा हवा असेल तर बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरातला गिझर उघडून पाहावा. त्याच्या कॉइलवर जो पांढरा क्षार धरतो तो रसायनाच्या भाषेत बहुतांशी हेच कॅल्शियम कार्बोनेट. डोंगराच्या पोकळीत आणि गिझरमध्ये एकच क्रिया घडते. फरक एवढाच, की डोंगराला घाई नव्हती, म्हणून स्फटिक सुबक झाले.

आता ऊर्जेचे आणि घड्याळाचे. हा मुद्दा पूर्वपक्षाचा हुकमी एक्का समजला जातो, आणि त्यात दुसऱ्याचे यश आपल्या नावावर लावण्याचा प्रकार आहे. घड्याळात असतो तो क्वार्ट्झ, सिलिकाचा स्फटिक. त्याला दाबले की त्याच्या दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार येतो, आणि विद्युतदाब दिला की तो ठरावीक गतीने कंप पावतो. हा दाबविद्युत गुण जाक आणि प्येर क्युरी या भावांनी 1880 साली दाखवून दिला. हा गुण अंगी येण्यासाठी स्फटिकाच्या अणुरचनेत सममितीचे केंद्र नसावे लागते. क्वार्ट्झमध्ये ते नाही, कॅल्साइटमध्ये आहे. त्यामुळे कॅल्साइट दाबविद्युत असूच शकत नाही. ही मापन कमी पडल्याची गोष्ट नाही, रचनेनेच ते दार बंद केलेले आहे. शिवाय घड्याळातला क्वार्ट्झसुद्धा ऊर्जा देत नाही. ती बॅटरी देते. बॅटरी संपली की क्वार्ट्झ आत असूनही घड्याळ बंद पडते, हे आपण सगळे पाहतो आणि तरीही त्याच घड्याळाचा दाखला देतो.

प्रतिपक्षाने एक खरा मुद्दा हाती असून वापरलेला नाही, तो मीच त्याला देतो. रने-जस्ट हाउय या फ्रेंच खनिजतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले होते, की स्वच्छ कॅल्साइटचा तुकडा दोन बोटांत दाबून सोडला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. निरीक्षण खरे आहे. पण हा भार दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून सुटल्याने येतो आणि कोरड्या हवेत कंगवा केसांतून फिरवला तरी येतो. त्यातून कुणाचे मायग्रेन बरे होईल असे हाउयने म्हटले नव्हते.

आता कॅल्साइटच्या सान्निध्याचे. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडक, आणि तो मुख्यतः कॅल्साइटचाच असतो. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर परिसरात सिमेंटसाठी जो चुनखडक फुटतो त्यातही मुख्य खनिज कॅल्साइटच. अंड्याचे कवचही कॅल्साइटचे. कॅल्साइटच्या सान्निध्याने मन शांत आणि शरीर निरोगी होत असेल, तर संगमरवरी फरशीची घरे, सिमेंटच्या खाणी आणि पोल्ट्री फार्म ही आपल्याकडची सर्वांत सुखी ठिकाणे असायला हवीत. हा युक्तिवाद थट्टेचा वाटेल, पण त्याचे उत्तर द्यावेच लागेल. ‘तो कॅल्साइट वेगळा’ असे म्हटले तर वेगळेपण नेमके कशात आहे ते सांगावे लागते, आणि तिथे गाडी अडते. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी 2001 साली मांडलेल्या प्रयोगात 80 जणांपैकी काहींच्या हाती खरे स्फटिक आणि काहींच्या हाती दिसायला तसेच पण खोटे खडे दिले होते. ऊब, झिणझिण्या, शांतता यांचे अनुभव दोन्हीकडे सारखेच आले, आणि काय वाटेल हे ज्यांना आधी सांगून ठेवले होते त्यांना ते अधिक आले. अनुभव खोटे नव्हते. त्यांचा उगम खड्यात नव्हता, एवढेच.

आता ऋषिमुनींकडे वळू, कारण माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय इथे होतो. विज्ञानावर केलेला आरोप विज्ञान सहन करते. परंपरेच्या नावावर खपवलेला माल मात्र दोन पिढ्यांत परंपराच होऊन बसतो.

चक्रांचे रंग घ्या. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा असे इंद्रधनुष्याचे सात रंग मूलाधारापासून सहस्रारापर्यंत क्रमाने वाटण्याची पद्धत विसाव्या शतकात पश्चिमेत रुळली. थिऑसफीच्या चळवळीतल्या लेडबीटर यांचे चक्रांवरचे सचित्र पुस्तक 1927 चे. त्यातले रंगसुद्धा आजच्या तक्त्याशी पुरते जुळत नाहीत. आणि ज्या ग्रंथाचा आधार चक्रांवर बोलणारे बहुतेक जण कळत नकळत घेतात, तो पूर्णानंदांचा 1577 चा ‘षट्चक्रनिरूपण’ काय सांगतो? मणिपूराच्या दहा पाकळ्या तिथे पाण्याने भरलेल्या मेघाच्या रंगाच्या आहेत, पिवळ्या नाहीत. अनाहताच्या पाकळ्या बंधुकाच्या फुलासारख्या तांबड्या आणि आतले वायुमंडल धुरकट. हिरव्याचा पत्ता नाही. विशुद्धाच्या पाकळ्या धुरकट जांभळ्या, आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र. मग अनाहतासाठी हिरवा कॅल्साइट कुठल्या शास्त्राने? आपल्या मराठीत तर याहून जुनी साक्ष आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन येते. आसन, बंध, प्राण, अग्नी यांचा तिथे सूक्ष्म विचार आहे, पण साधन म्हणून खिशात खडा बाळगायला माउलींनी कुठे सांगितलेले नाही.

मग आपल्या परंपरेत दगडांना स्थान नाही काय? आहे, आणि फार विचारपूर्वक दिलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा अकरावा अध्याय कोशात जमा करायच्या रत्नांच्या परीक्षेला दिला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा याच परंपरेतली. या ग्रंथांतही शुभाशुभ फले आहेत. ती मी लपवत नाही आणि मानतही नाही. पण त्यांची शिस्त पाहा: रत्न कुठल्या आकरातले, म्हणजे कुठल्या खाणीतले किंवा प्रदेशातले, रंग कसा, दोष कोणते, खरे की बनावट हे कसे ओळखायचे, मोल किती. फळाचा प्रश्न या सगळ्यातून पार पडल्यावर. आजचा बाजार फळापासून सुरू होतो आणि तिथेच थांबतो.

पंचायतनातही हीच रीत दिसते. शाळिग्राम गंडकीतला, बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतला. दगड जिथला तिथल्या नावाने ओळखला जातो, आणि ती ओळख हाच त्याचा मान. त्यात व्यवहारही आहे. नर्मदेचा बाण सहसा जॅस्पर किंवा अकीक जातीचा, म्हणजे सिलिकाचा असतो. मोहच्या मोजपट्टीवर त्याची कठिनता 7 च्या घरात. रोजचा अभिषेक, रोजचे पुसणे शेकडो वर्षे झाले तरी त्याला काही होत नाही. ज्यांनी तो निवडला त्यांना मोहची मोजपट्टी माहीत नव्हती, पण कोणता दगड पाण्याला आणि दह्याला टिकतो याचा अनुभव पक्का होता.

आयुर्वेदाचा दाखला द्यायचा तर तोही इथे उलटा पडतो. शंखभस्म, कपर्दिकाभस्म ही कॅल्शियमची द्रव्ये अम्लपित्तावर पोटात देतात. अम्लावर क्षार, असा तो सरळ रासायनिक व्यवहार आहे. शंख उशाशी ठेवून पित्त शमेल असे वैद्य म्हणत नाही.

आता काळजी, आणि इथे जरा थांबले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत देवघरात किंवा काचेच्या कपाटात कॅल्साइट आहे आणि तो स्फटिक म्हणून म्हणजे क्वार्ट्झ समजून सांभाळला जातो. दोन्ही पारदर्शक, दोन्ही सुंदर, पण स्वभावाने अगदी वेगळे. कॅल्साइटची कठिनता 3. नखाची अडीच, तांब्याच्या नाण्याची तीन-साडेतीन, चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. म्हणजे चाकूने क्वार्ट्झवर रेघ उठत नाही, कॅल्साइटवर सहज उठते. सोपाऱ्याला 1882 साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बेसाल्टवर कोरलेली ती ब्राह्मी अक्षरे बावीस शतकांनंतरही वाचता येतात. त्याच बेसाल्टच्या पोटात वाढलेल्या कॅल्साइटवर कोरले असते तर अक्षरे केव्हाच बोथट झाली असती.

कॅल्साइटला तीन दिशांना पाटन आहे, म्हणजे त्या दिशांना तो सफाईने चिरत जातो. कितीही फोडा, तिरक्या विटेच्या आकाराचेच तुकडे होणार, कोन सुमारे 75 आणि 105 अंशांचे. हे सौंदर्य आहे आणि दुबळेपणाही. मिठाच्या पाण्यात ठेवण्याचा सल्ला इथेच घातक ठरतो. साध्या पाण्यापेक्षा खारट पाण्यात कॅल्साइट थोडा अधिक विरघळतो. शिवाय पाटनाच्या बारीक चिरांत शिरलेले खारे पाणी वाळले की मिठाचे कण आत वाढतात आणि चिरा रुंदावतात. समुद्रकाठच्या दगडी बांधकामाची जशी खपली निघते तसाच हा प्रकार. चकाकी गेली की विक्रेता सांगतो, दगडाने तुमची नकारात्मकता ओढून घेतली. ओढून घेतले ते मीठ.

ऊन दाखवण्याची गत त्याहून वाईट नसली तरी बरी नाही. तापल्यावर बहुतेक पदार्थ सर्व बाजूंनी फुगतात. कॅल्साइट त्याच्या मुख्य अक्षाच्या दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आक्रसतो. आइलहार्ट मिचरलिख या जर्मन रसायनज्ञाने 1820 च्या दशकात हे मोजले होते. दुपारभर पत्र्यावर तापलेला खडा लगेच गार पाण्यात टाकला तर आतून ताण येऊन पाटनाला चीर जाण्याची शक्यता असते. चांदण्यात ठेवायला माझी ना नाही. चांदण्याने कॅल्साइटचे काही बिघडत नाही, घडतही नाही.

खरा धोका आंबटाचा. अम्ल लागले की कॅल्साइट कार्बन डायऑक्साइड सोडत विरघळतो. लिंबाचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे दिसतात, पूड असेल तर अधिक स्पष्ट. आता देवघराचा विचार करा. पंचामृतातले दही आंबट, मधही आम्लधर्मी. नारळाचे पाणीसुद्धा किंचित आम्लधर्मी. देवाची पितळी उपकरणी चिंच-लिंबाने घासताना त्याच हातासरशी ‘स्फटिकाचे’ शिवलिंगही घासले जाते. ते क्वार्ट्झचे असेल तर चिंता नाही. कॅल्साइटचे असेल तर दर सोमवारी त्याची कातडी सोलली जाते आहे. संगमरवरी मूर्तीलाही हेच लागू. पुष्कळ देवळांत मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर अभिषेक करण्याची सोय आहे, ती घरातही करता येईल: पंचामृत बाणावर किंवा धातूच्या मूर्तीवर, कॅल्साइटवर फूल आणि अक्षता.

सांभाळायचा कसा, ते थोडक्यात सांगता येते. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते चरे पाडतात. मऊ कुंचल्याने झटकावी. फारच मळला तर साध्या पाण्याने झटपट धुऊन लगेच टिपावा. साबणाची पूड, व्हिनेगर, दागिने धुण्याचे यंत्र यांपासून दूर ठेवावा. इतर खड्यांबरोबर एका पिशवीत टाकू नये. त्याच तुकड्यावर झिओलाइट किंवा अपोफिलाइट असेल तर उष्णतेची काळजी दुप्पट, कारण त्यांच्या रचनेतच पाणी असते. आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत खडे ठेवून ते पाणी पिण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्याविषयी एवढेच: शुद्ध कॅल्साइटने अपाय होणार नाही, पण बाजारातला भडक रंगाचा खडा रंगवलेला आहे की काय हे डोळ्यांनी कळत नाही, आणि कॅल्साइटच्या शेजारी विकल्या जाणाऱ्या काही खड्यांत तांबे किंवा शिसे असते.

इतके खंडन झाल्यावर मंडनाची जबाबदारी येते. ऊर्जा नाही, कंपने नाहीत, चक्रांचे रंग उसने. मग या दगडात उरले काय?

स्वच्छ कॅल्साइटचा एक तुकडा छापील ओळीवर ठेवा. प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल. तुकडा फिरवा, एक प्रतिमा जागीच राहील आणि दुसरी तिच्याभोवती फिरेल. एकच प्रकाशकिरण आत शिरताच दोन वाटांनी जातो, कारण एकासाठी अपवर्तनांक 1.658 आणि दुसऱ्यासाठी 1.486. कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिनने 1669 साली याचे पहिले वर्णन केले. ह्यूजेन्सने 1690 मध्ये प्रकाशाच्या तरंगांवर ग्रंथ लिहिला त्यात या दगडावर एक मोठे प्रकरण आहे. 1808 साली पॅरिसमध्ये एत्येन मालुसने खिडकीच्या काचांवरून परावर्तित झालेले मावळतीचे ऊन कॅल्साइटमधून पाहिले आणि प्रकाशाच्या ध्रुवणाचा शोध लागला. 1828 मध्ये एडिंबराच्या विल्यम निकोलने याच दगडाचे दोन तुकडे जोडून लोलक केला, आणि त्या लोलकाने खडकांचे पातळ काप तपासणारे सूक्ष्मदर्शक शक्य केले. ज्या हाउयचा उल्लेख वर आला तो पेशाने धर्मगुरू. त्याच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर स्फटिक निसटून पडला आणि फुटला, असे सांगतात. तुकड्यांचे कोन तेच ते पाहून स्फटिकांच्या अंतर्रचनेचा सिद्धान्त त्याला सुचला. प्रार्थना आणि पारख एका माणसात नांदू शकतात, हे वसईच्या ख्रिस्ती वाचकांना मी सांगायला नको.

बार्थोलिनचा दगड आइसलँडचा होता. पूर्व आइसलँडमधली हेल्गुस्तादिरची खाण, जिथून युरोपभर प्रकाशशास्त्रासाठी कॅल्साइट गेला, तीही बेसाल्टमध्येच आहे. तिथलाही कॅल्साइट पाण्यानेच पोकळीत आणून बसवला. म्हणजे प्रकाशाच्या इतिहासाचा हा दगड आपल्या सह्याद्रीचा सख्खा नातलग. आपल्याकडचा ठेवाही कमी नाही. बोरघाटात लोहमार्गाचे बोगदे खोदले गेले तेव्हा निघालेले झिओलाइट आणि अपोफिलाइट युरोपच्या संग्रहालयांत पोहोचले. मुंबईत मालाड-कांदिवलीच्या दगडखाणींनी, पुण्याजवळ वाघोलीने, नाशिक-जळगावच्या खाणींनी जगभरच्या संग्राहकांना नमुने पुरवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात यांतले पुष्कळ पाहायला मिळतात. आणि वसईच्या किल्ल्यात तटाच्या दोन दगडांमधला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट झाला आहे, म्हणजे रसायनाच्या हिशेबाने तो पुन्हा कॅल्साइटच बनला आहे. 1739 साली चिमाजी अप्पांच्या तोफांना या तटाने जे तोंड दिले त्यातला काही वाटा कॅल्साइटचाही.

एखाद्याला या दगडासमोर बसून ध्यान करायचे असेल तर जरूर करावे. एका ओळीच्या दोन ओळी करून दाखवणारा दगड चिंतनाला वाईट आलंबन नाही. पण रोग्याला औषध सोडायला लावून त्याच्या हाती खडा देणे हा अध्यात्माचा विषय नव्हे. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ताईत, कवच आणि तत्सम वस्तू ‘जादूचा उपाय’ या व्याख्येत येतात, आणि मधुमेह, कर्करोग यांसारख्या परिशिष्टातल्या आजारांवर असा उपाय चालतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. हा कायदा सत्तर वर्षांचा झाला. खडेविक्रेत्यांच्या जाहिराती पाहता तो त्यांच्या कानावर गेलेला दिसत नाही.

चिंचोटीला जाल तेव्हा ओढ्यातल्या काळ्या गोट्यांकडे नीट पाहा. पांढऱ्या ठिपक्यांचा एखादा दिसला तर बघून तिथेच ठेवा. अभयारण्यातला दगड उचलून आणण्याची मुभा नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यावर बंदी असेल तर ती पाळा, तिथे माणसे बुडाली आहेत. कॅल्साइट विकतच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला चक्र, रास, पौर्णिमा यांतले काही विचारू नका. हा कुठल्या गावच्या, कुठल्या खाणीतला, एवढेच विचारा. उत्तर आले नाही तर खडा परत टेबलावर ठेवा.